ओसाड परसबाग कमी खर्चात कशी उभी करावी? डोंगरकडा परिसरातील मातीसाठी सोपी पद्धत

घरामागची जागा दोन-चार वर्षे तशीच पडून राहिली की तिथे गाजर गवत आणि हरळी माजते. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात. मग एखाद्या पावसाळ्यात हौसेने नर्सरीतून रोपे आणली जातात, खड्डे खणले जातात आणि एप्रिल-मे येईपर्यंत त्यातली बरीच वाळून जातात. पैसे गेलेले असतात आणि माती होती तशीच असते.

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी तालुक्यात डोंगरकडा परिसरात राहणाऱ्यांसाठी एक गोष्ट सोयीची आहे. इथे केळी, हळद, ऊस, सोयाबीन, तूर ही पिके होतात. त्यांचा पाला, खोडे आणि काड हेच माती सुधारण्याचे सर्वांत स्वस्त साहित्य आहे.

थोडक्यात सांगायचे तर:
• पहिले वर्ष मातीचे, दुसरे वर्ष झाडांचे.
• सगळी जागा एकदम हाती घेऊ नका. १० × १० फूट म्हणजे १०० चौरस फुटांपासून सुरुवात करा.
• चुना, राख आणि वाळू टाकू नका.

आधी माती ओळखा

मराठवाड्यातील काळी माती बेसाल्ट खडकापासून बनलेली आहे. ती पाणी धरते, ओली झाली की फुगते आणि वाळली की भेगाळते. तिच्यात चुन्याचे प्रमाण बहुधा जास्त असते, त्यामुळे तिचा सामू (आम्ल-विम्ल निर्देशांक) ७.५ ते ८.५ च्या आसपास आढळतो. उंचवट्यावरच्या घरांभोवती मात्र मुरमाड, उथळ माती असते. तिच्यात पाणी टिकत नाही.

घरी दोन सोप्या चाचण्या करता येतात.
१. ओल्या मातीची तळहातावर वळी करा. लांब वळी न तुटता झाली तर माती चिकण आहे. लगेच तुटली तर मुरमाड किंवा वाळूमिश्रित आहे.
२. कोरड्या मातीवर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस टाका. बुडबुडे आले तर चुनखडी आहे असे समजा.

नेमकी माहिती हवी असेल तर माती परीक्षण करून घ्या. तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र याच तालुक्यात आहे. तिथे किंवा कृषी कार्यालयात चौकशी करता येते. नमुन्यासाठी पाच-सहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या. त्याच्या बाजूची माती खरवडून एकत्र करा, सावलीत वाळवा आणि अर्धा किलो द्या. अहवालात सेंद्रिय कर्ब ०.५० टक्क्यांपेक्षा कमी दिसला तर माती उपाशी आहे. तेव्हा पहिला खर्च रोपांवर नको.

साफसफाई करताना

पडीक जागेत साप-विंचू असू शकतात. बूट घाला, काठीने आवाज करत पुढे जा आणि पालापाचोळ्यात थेट हात घालू नका. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वी उपटा. त्याची अंगाला खाज सुटते, म्हणून हातमोजे आणि तोंडाला रुमाल हवा. फुले न आलेले गाजर गवत खतात चालते. लव्हाळ्याच्या गाठी, हरळीच्या काड्या आणि कुंद्याची मुळे मात्र खतात टाकू नका. ती पुन्हा फुटतात. उन्हात कडक वाळवून वेगळी काढा. काढलेला कचरा पेटवू नका. तेच उद्याचे खत आहे.

खताचे साहित्य शेजारीच आहे

• केळीची खोडे: कापून तुकडे करा. त्यांत पाणी आणि पालाश भरपूर असते. रोगट बागेतली खोडे आणू नका.
• हळदीचा वाळलेला पाला: काढणीच्या काळात सहज मिळतो. कंदकूज झालेल्या शेतातला नको.
• उसाचे पाचट, सोयाबीनचे कुटार, बारीक केलेल्या तुराट्या.
• शेण, घरातला भाजीपाल्याचा कचरा आणि जुन्या उकिरड्यातले कुजलेले खत.

तीन फूट रुंद आणि तीन फूट उंच ढीग रचा. कोरड्या पाल्याचे तीन भाग आणि ओल्या पदार्थांचा एक भाग असे थर द्या. प्रत्येक थरावर शेणकाला शिंपडा. मूठभर दाबल्यावर हात ओला व्हावा, पण पाणी गळू नये, इतकीच ओल ठेवा. दर १५-२० दिवसांनी ढीग खाली-वर करा. तीन-चार महिन्यांत खत तयार होते.

१०० चौरस फुटांवर एक इंच जाडीचा थर द्यायला सुमारे ८ घनफूट खत लागते, म्हणजे सिमेंटच्या साधारण ७ रिकाम्या गोण्या भरून.

महाराष्ट्रात ही वाट नवी नाही. श्री. अ. दाभोळकर यांनी ‘प्रयोग परिवार’च्या माध्यमातून दहा गुंठ्यांत एका कुटुंबाची गरज भागवण्याचा विचार मांडला. त्यातही परिसरातल्या काडीकचऱ्यापासून सुपीक माती तयार करण्यावर भर होता.

वर्षाचे वेळापत्रक

• एप्रिल-मे: साफसफाई, खताचा ढीग, वाफ्यांची आखणी.
• जून: चांगला पाऊस झाल्यावर ताग किंवा धैंचा पेरा. १०० चौरस फुटांना साधारण ५० ग्रॅम बी पुरते.
• ऑगस्ट: सुमारे ४५ दिवसांनी, फुलावर येताच कापून मातीत गाडा. दोन-तीन आठवडे कुजू द्या.
• सप्टेंबर-ऑक्टोबर: खताचा थर द्या. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा आणि वाल लावा.
• फेब्रुवारीपासून: उघडी माती पाचट किंवा पाल्याने तीन-चार इंच झाका.

कोरडा पाला मातीत खोल गाडू नका. तो कुजवताना जिवाणू मातीतले नत्र वापरतात आणि पीक पिवळे पडते. वर अंथरला की तोच पाला ओल टिकवतो. खोडाभोवती चार बोटे जागा मोकळी ठेवा.

काळ्या मातीत पाणी साचते, म्हणून हळदीसारखे गादीवाफे करा. मुरमाड जागेत उलट खोलगट आळी करा आणि शक्य असेल तर तलावातला गाळ मिसळा. राज्यात २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना आहे. गावात गाळ निघत असेल तर ग्रामपंचायतीत विचारा. काळ्या चिकण मातीला या गाळाची गरज नाही.

पाणी कमी असेल तर

१०० चौरस फूट छतावर १० मिलिमीटर पाऊस पडला तर ९० लिटरच्या आसपास पाणी येते. पन्हळीखाली पिंप ठेवा. उन्हाळ्यात झाडाशेजारी कच्चे मडके गळ्यापर्यंत पुरा, भरून झाका. पाणी हळूहळू मुळांशी झिरपते. भाज्या-तांदूळ धुतलेले पाणी चालते. कपडे धुण्याच्या पावडरीचे पाणी नको. त्यातल्या सोडियममुळे काळी माती आणखी घट्ट होते.

काय लावावे?

मुरमाड जागेत सीताफळ, बोर, आवळा, करवंद. निचरा होणाऱ्या काळ्या मातीत शेवगा, पेरू, लिंबू, जास्वंद. नवीन पाने पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर बहुधा लोह कमी पडले आहे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस मिसळून आधी एका फांदीवर फवारून पाहा.

या चुका टाळा

१. चुना आणि राख: असे सल्ले आम्लधर्मी मातीसाठी असतात. आपल्या चुनखडीयुक्त मातीचा सामू त्याने आणखी वाढतो.
२. काळ्या मातीत वाळू: थोड्या वाळूने माती मोकळी होत नाही, उलट घट्ट बसते.
३. ताजे शेण: मुळांना उष्णता लागते आणि हुमणी वाढू शकते. पूर्ण कुजलेलेच वापरा.
४. अहवालाशिवाय जिप्सम: ते चोपण जमिनीसाठी आहे, प्रत्येक जमिनीसाठी नाही.

पैसे कशावर खर्च करावेत?

हाताशी थोडेच पैसे असतील तर क्रम असा ठेवा: माती परीक्षण, तागाचे बी, एक चांगली कुदळ, पाण्याचे पिंप आणि सर्वांत शेवटी रोपे. वर्षभराने वाफ्यात हात घाला. माती भुसभुशीत लागली आणि गांडुळे दिसली, तर शेजारचे पुढचे १०० चौरस फूट हाती घ्यायला हरकत नाही.