सुईण, नर्सबाई आणि औषधाचा अधिकार

बिद्रीचं नाव काढलं की साखर कारखाना डोळ्यांसमोर येतो. हंगामात ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, आणि पोटुशी बाईही फडात मोळी उचलते. अशा बाईला अवेळी कळा आल्या, तर जवळ बसणाऱ्या बाईला औषध देण्याचा अधिकार किती, आणि तो तिला कधी मिळाला, याची हकीगत आज सांगायची आहे.

पूर्वी सुईणीला कुणी परवाना विचारत नसे. शेकशेगडी, धुरी, सुंठ, शेपा, बाळंतकाढा हे तिचं भांडार. तिला नावं ठेवू नयेत. डॉक्टर गावापासून कोसोगणती दूर असताना तीच हाकेला धावून येई. पण नाळ हाताला लागेल त्या विळ्यानं कापली जाई, आणि बाळाला धनुर्वात होई. म्हणून १९०३ साली व्हिक्टोरिया स्मारक निधीतून देशात दायांना शिकवण्याचं काम सुरू झालं. आपल्या कोल्हापुरात शाहू महाराजांच्या काळी डॉ. कृष्णाबाई केळवकर आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात बायकांवर उपचार करीत होत्या. खेड्यातली बाई मात्र तिथवर क्वचितच पोचे.

मग कायदा आला. इंग्लंडात सुईणींचा कायदा १९०२ चा. मुंबई इलाख्यात नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला. कोल्हापूर तेव्हा संस्थान होतं, ते १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झालं. नंतर १९५४ चा मुंबईचा आणि १९६६ चा महाराष्ट्राचा कायदा आला. या कायद्यांनी शिकलेली सुईण कोण हे ठरलं. औषधाची चिठ्ठी मात्र डॉक्टरांकडेच राहिली.

१९५१ पासून देशात सहायक परिचारिका-प्रसाविका, म्हणजे आपली नर्सबाई, तयार होऊ लागली. बाळंतपण तिनं करायचं, पण रक्त थांबेना तर डॉक्टरची वाट पाहायची! बाळंतपणानंतरचा रक्तस्राव दोन तासांतही जीव घेतो. बैलगाडीच्या वाटेवर दोन तास म्हणजे काय, हे तुम्हांला मी सांगायला नको.

ही गाठ सुटायला फार वर्षं लागली. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्या सुमारास केंद्र सरकारनं प्रशिक्षित नर्सबाईला ठराविक औषधं, ठराविक प्रसंगी, ठराविक मात्रेत देण्याची मुभा दिली. मूल जन्मलं, पोटात दुसरं नाही याची खात्री झाली, की एका मिनिटाच्या आत ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन. हे औषध थंड जागी ठेवावं लागतं. ती सोय नसेल तिथं मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके आले तर मॅग्नेशियम सल्फेटची पहिली मात्रा, १० ग्रॅम, दोन्ही कुल्ल्यांत निम्मी निम्मी.

आता नीट ऐका, कारण घरोघरी चूक होते ती इथं. बाई अडली की सासू म्हणते, "बाई, एक इंजेक्शन द्या की! सुटू दे एकदाची पोर." ते इंजेक्शन म्हणजे हेच ऑक्सिटोसिन. म्हशीनं पान्हा सोडावा म्हणून काही जण चोरून टोचतात, तेही हेच. मूल जन्मण्याआधी कळा वाढवायला ते देण्याची नर्सबाईला मनाई आहे. कळा बेसुमार वाढून गर्भाशय फाटू शकतं, बाळ गुदमरतं. कुपी एकच, पण मूल जन्मण्याआधी तिला मनाई आणि जन्मल्यावर मुभा. नर्सबाई 'नाही' म्हणाली तर ती आडमुठी आहे असं समजू नका. तिच्यावर दडपण आणणारे घरचेच असतात, आणि काही अनर्थ झाला की जाब मात्र तिला विचारतात.

झटक्यांच्या बाबतीतही तिचा अधिकार पहिल्या मात्रेपुरता आहे. ती देऊन बाईला लगोलग मोठ्या दवाखान्यात धाडायचं. तेव्हा गाडी कुणाची, सोबत कोण जाणार, हे नववा महिना लागण्याआधीच घरात ठरवून ठेवा.