दोन सप्टेंबर : मूसीचा पूर आणि किल्लारीचा भूकंप

मराठवाड्यात सप्टेंबर महिना आला की आठवण निघते ती १७ सप्टेंबर १९४८ ची. त्या तारखेबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले, पुष्कळ बोलले गेले, आणि इथल्या मुसलमानांनी त्यातले बरेचसे गप्प राहून ऐकले. परंतु याच महिन्यात आणखी दोन तारखा आहेत. त्यांत राजा नाही, फौज नाही, झेंडा नाही. म्हणूनच कदाचित इतिहासाच्या पुस्तकात त्यांना दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. पहिली तारीख २८ सप्टेंबर १९०८. त्या दिवशी मूसी नदीने हैदराबाद शहर बुडवले. दुसरी ३० सप्टेंबर १९९३. त्या पहाटे लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरची जमीन हादरली आणि किल्लारीसह कित्येक गावे दगडमातीचे ढीग होऊन पडली.

एक पाण्याची आफत, दुसरी जमिनीची. मध्ये ८५ वर्षांचे अंतर. तरीही या दोन्ही तारखा एकत्र ठेवून पाहाव्यात असे मला वाटते. कारण दोन्ही वेळा प्रश्न एकच होता. ज्या छपराखाली माणूस निर्धास्त झोपतो, तेच छप्पर गेले तर कुटुंब कशाच्या आधाराने उभे राहते?

१९०८ साली नांदेड आणि लातूर निजामाच्या रियासतीत होते. लातूर तेव्हा जिल्हा नव्हता. तो १६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. तोपर्यंत लातूर हे उस्मानाबाद जिल्ह्यातले गाव होते. नांदेडवरून रेल्वे हैदराबादला जात होती आणि शिक्षण, नोकरी, कोर्टकचेरी यांसाठी इथल्या लोकांची पावले त्याच शहराकडे वळत. त्यामुळे मूसीचा पूर ही आपल्यासाठी परक्या शहराची बातमी नव्हती. ती राजधानीतल्या आपल्याच माणसांची होती.

बंगालच्या उपसागरात उठलेले वादळ आत सरकत दख्खनच्या पठारावर आले. मूसी आणि तिला मिळणारी ईसी या दोन्ही नद्यांच्या खोऱ्यात पाऊस कोसळू लागला. शमशाबादला चोवीस तासांत बारा इंचांहून अधिक पाऊस नोंदला गेला. मात्र केवळ पावसाने शहर बुडाले नाही. नदीच्या वरच्या अंगाला लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांतले २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर आदळे आणि तोही फुटे. शेवटी सगळ्या तलावांचे पाणी एक होऊन शहरात शिरले. सुमारे १९ हजार घरे पडली, ८० हजार माणसे बेघर झाली, आणि मृतांचा आकडा सर्वसाधारणपणे १५ हजार सांगितला जातो. हिजरी १३२६ चा रमजान नुकताच सुरू झाला होता. सेहरी आणि इफ्तारीच्या तयारीत असलेल्या घरांवर हे पाणी आले.

अफझलगंज भागात एक चिंचेचे झाड होते. त्याच्या फांद्यांना धरून सुमारे दीडशे माणसे वाचली. पुढे त्याच परिसरात उस्मानिया इस्पितळ उभे राहिले आणि ते झाड जपले गेले. हैदराबादला जाणाऱ्या वाचकांनी चारमिनार पाहून झाल्यावर ते झाडही जरूर पाहावे.

या पुरात एका कुटुंबाचे काय झाले ते आपल्याला माहीत आहे, कारण त्या कुटुंबातला वाचलेला माणूस शायर होता. सय्यद अहमद हुसैन ‘अमजद’ हैदराबादी. उर्दू रुबाईच्या इतिहासात ज्यांचे नाव आदराने घेतले जाते ते हेच. आई, पत्नी आणि लहान मुलगी, तिघींनाही मूसी घेऊन गेली. वाचले ते एकटे अमजद. पुढे त्यांनी या पुरावर नज्म लिहिली आणि तिला नाव दिले ‘कयामत-ए-सुगरा’, म्हणजे छोटी कयामत. कयामत अजून यायची आहे यावर श्रद्धा ठेवणाऱ्या माणसाने आपल्या डोळ्यांदेखत घडलेल्या गोष्टीला ‘छोटी’ म्हणणे सोपे नव्हते. त्या एका शब्दात सबर आहे. पण तक्रार नाहीच असेही म्हणवत नाही. अमजद त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे जगले. त्यांनी पुन्हा संसार मांडला, लिहीत राहिले, आणि १९६१ साली त्यांचे निधन झाले. वादळातून तरून जाणे म्हणतात ते हेच असावे. ते एका रात्रीचे काम नसते. त्याला पन्नास वर्षे लागतात.

सरकारनेही हात जोडून बसणे पत्करले नाही. तेव्हा सहावे निजाम मीर महबूब अली खान गादीवर होते आणि महाराजा किशन प्रसाद दिवाण होते. पूरग्रस्तांसाठी अन्नछत्रे उघडली गेली. त्याहून महत्त्वाचे काम पुढच्या वर्षी झाले. १९०९ साली म्हैसूरचे इंजिनियर एम. विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले. पूर का आला, हा प्रश्न त्यांनी हिशेबाने सोडवला. पाऊस किती, तलाव किती, फुटले किती, नदीचे पात्र किती पाणी वाहून नेऊ शकते. उत्तर निघाले की पाणी शहराच्या वरच अडवले पाहिजे. त्यातून १९२० साली मूसीवर उस्मानसागर आणि १९२७ साली ईसीवर हिमायतसागर पूर्ण झाले. ज्या पाण्याने शहर बुडवले, तेच पाणी नंतर शहराने प्यायले.

आता दुसऱ्या सप्टेंबरकडे येऊ.

२९ सप्टेंबर १९९३ ला अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून गावे उशिरा झोपली. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंप झाला. त्याची तीव्रता ६.२ ते ६.४ अशी सांगितली जाते. जगाच्या मानाने हा फार मोठा भूकंप नव्हे. तरीही मृतांची संख्या, वेगवेगळ्या नोंदींनुसार, आठ ते दहा हजारांच्या दरम्यान गेली. किल्लारी, सास्तूर, मंगरूळ, तळणी, होळी, राजेगाव, गुबाळ, एकोंडी ही नावे त्या दिवशी देशाला प्रथमच कळली. दख्खनचा हा खडक स्थिर आहे, इथे भूकंप होत नाही, असा शास्त्रज्ञांचाही समज होता. भूकंपाच्या सरकारी नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. खरे तर १९९२ च्या ऑगस्टपासूनच किल्लारीकरांना जमिनीखालून आवाज आणि धक्के जाणवत होते, ऑक्टोबरात तर भिंतींना तडेही गेले होते. पण नकाशा एक सांगत होता आणि जमीन दुसरे. विश्वास नकाशावर ठेवला गेला.

इतकी माणसे का मेली? याचे उत्तर आपल्या घरांच्या भिंतीत आहे. लातूर-नांदेडकडचे माळवदाचे घर आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे, काहींचे बालपण त्यातच गेले. दोन-अडीच फूट, कधी त्याहूनही रुंद दगडी भिंत, दगड मातीत बसवलेले. वर लाकडी तुळया, फळ्या, आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर थंड राहावे, पावसाळ्यात गळू नये, म्हणून दर एक-दोन वर्षांनी छतावर नवी माती पडायची. आजोबांनी टाकलेल्या मातीवर वडिलांची, वडिलांच्या मातीवर मुलाची. अशा घराची ऐपत खणांत मोजत. भिंत बाहेरून एकसंध दिसे, पण आत ती दोन वेगळ्या थरांची असे आणि मधल्या पोकळीत दगडगोटे भरलेले असत. दोन्ही थरांना बांधणारा आरपार दगड त्यात क्वचितच असायचा. जमीन हलली तेव्हा हे दोन थर एकमेकांपासून सुटले, आणि छतावरची पिढ्यान्‌पिढ्यांची माती झोपलेल्या माणसांवर आली.

ज्यांचे घर मोठे, त्यांच्यावर ओझेही मोठे पडले. कुडाच्या, गवताच्या झोपडीत राहणारा गरीब त्या पहाटे बाहेर येऊ शकला. काही घरांत भिंती पडल्या, पण लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या आणि त्यांच्या आडोशाला माणसे वाचली. एरवी ज्या दगडी भिंतीने माणसाची इज्जत ठरत होती, तिनेच त्याचा जीव घेतला.

अशा वेळी आपल्या समाजात एक शब्द लवकर ओठांवर येतो. ‘अजाब’. आपली मुले मकतबात सूरह झिलझाल पाठ करतात, त्यामुळे भूकंप आणि हिशेबाचा दिवस यांचे नाते मनात आधीच जुळलेले असते. श्रद्धेच्या जागी ते बरोबरच आहे. पण ढिगाऱ्याखाली मेलेल्या तान्ह्या मुलाला गुन्हेगार ठरवणारा आपण कोण? अमजदांनी आपल्या आईला, बायकोला, मुलीला मूसीत जाताना पाहिले. त्या कोणत्या गुन्ह्याची सजा भोगत होत्या? ‘अजाब’ म्हटले की चौकशी थांबते. तलाव का फुटले, भिंत का फाटली, हे विचारायचे राहून जाते. आणि ते विचारले नाही तर पुढच्या वेळी तीच भिंत दुसऱ्या कुणाच्या तरी लेकरावर पडते.

भूकंपानंतरचे दिवस पावसात गेले. मग पत्र्याच्या शेडमध्ये दोन-तीन वर्षे. उन्हाळ्यात पत्रा तापायचा, तरी लोक त्याच्याखाली निर्धास्त झोपायचे, कारण पत्रा अंगावर पडला तरी जीव जात नाही. दगडाची भीती इतकी बसली होती. १९९४ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य सरकारचा पुनर्वसन कार्यक्रम सुरू झाला. ५२ गावे नव्या जागी हलवली, सुमारे २७ हजार घरे बांधली गेली, आणि १३ जिल्ह्यांत मिळून जवळपास दोन लाख घरांच्या दुरुस्तीला मदत मिळाली. दुरुस्तीच्या कामात ‘स्वयम शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. आरपार दगड कुठे घालायचा, कोपरा कसा बांधायचा, हे त्या गवंड्याला विचारू लागल्या. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्यात नेऊन शिकवले.

हे सगळे मोठे काम होते. पण कुटुंबाच्या बाजूने पाहिले तर हिशेब इतका सरळ राहत नाही. नवे घर किती मोठे, हे जमिनीवरून ठरले. एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला आणि भूमिहीनाला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. घरात माणसे किती, हा प्रश्न त्या कोष्टकात नव्हता. जुन्या वाड्यात तीन भावांच्या तीन चुली एकाच अंगणात पेटत. नव्या वसाहतीत रुंद रस्ते आले, सरळ ओळी आल्या, आणि अंगण गेले. गाव लांबरुंद पसरले, म्हातारी माणसे शेजारापासून दूर पडली. सणाला ताट घेऊन जायचे तर पूर्वी उंबरा ओलांडला की पुरे होते, आता रस्ता ओलांडावा लागला. पुढे कुटुंबे वाढली, २५० फुटांत मावेनात, तेव्हा अनेकांनी जुन्या गावचाच दगड आणून शेजारी खोली काढली. तोच दगड, तीच माती.

म्हणून दोन सप्टेंबरांची तुलना करताना मला असे दिसते. मूसीच्या पुरानंतर शहर सुरक्षित करण्यात आले, पण वाचलेल्या माणसाच्या मनाचे काय, याची नोंद सरकारी कागदात नाही. ती अमजदांच्या नज्मेत आहे. किल्लारीनंतर घरे मिळाली, अहवाल झाले, आकडे झाले. पण इथल्या कुटुंबांनी ते कसे सोसले, हे त्यांच्याच शब्दांत फारच थोडे लिहिले गेले. १९९३ साली जी तिशीतली बाई होती ती आता साठीच्या पुढे आहे. ढिगाऱ्यातून कुणाला कुणी ओढून काढले, कुणाची मय्यत कुणी उचलली, त्या दिवशी हिंदू-मुसलमान कुणी विचारले का, पत्र्याच्या शेडमधले पहिले लग्न कसे झाले, हे तिला आठवते. तिची दखनी बोली आपल्याला येते, आणि मराठी लिहिताही येते. ते उतरवून घेणे हे काम आपल्याखेरीज दुसरे कुणी करणार नाही.

आणि दुसरे काम याहून साधे आहे. २००२ साली नवा नकाशा आला आणि लातूरचा परिसर अधिक धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात गेला. नांदेड शहराने २००६ पासून दोन वर्षे लहान लहान धक्के अनुभवले. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीकडे साडेचार तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेडपर्यंत जाणवले. माळवदाची घरे आजही आपल्या गावांत उभी आहेत. या सुट्टीत गावी जाल तेव्हा भिंतीकडे एकदा नीट पाहा. ती कुठे फुगली आहे का, कोपरे सुटलेत का, छतावर किती माती आहे. निम्मी माती उतरवायला गड्याची चार दिवसांची मजुरी लागेल. त्या माळवदाखाली झोपणाऱ्यांसाठी तेवढे करणे आपल्या हातात आहे.