बुरशी लागलेले भात आंबवले की विष जाते का? जाणून घ्या

मालवण : कापणीच्या तोंडावर परतीचा पाऊस आला की कापून ठेवलेले भात भिजते. ढिगात गरम होते, दाणे काळे-हिरवे पडतात. वर्षभराची मेहनत फेकायला जीव होत नाही. मग धुऊन, उकडून, आंबवून खाऊ, नाहीतर कोंबड्यांना घालू, असा विचार येतो. आंबवल्याने विष कमी होऊ शकते, हे खरे आहे. पण घरात त्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

विष कसले?

सगळ्याच बुरशा विषारी नसतात. पण ॲस्परजिलस फ्लेव्हस ही हिरवट-पिवळी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. बुरशी पुसली, धुतली तरी विष दाण्यात राहते. साध्या शिजवण्यानेही ते जात नाही.

१९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात अवकाळी पावसाने भिजलेला मका लोकांनी खाल्ला. कावीळ झाली, पोटात पाणी भरले. नोंद झालेल्या ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

बुरशीवर बुरशीचा उतारा

इंडोनेशियात शेंगदाण्याच्या पेंडीवर न्यूरोस्पोरा ही केशरी बुरशी वाढवून 'ओंचोम' नावाचा पदार्थ करतात. १९६० च्या दशकातल्या प्रयोगांत या बुरशीने पेंडीतले अफ्लाटॉक्सिन सुमारे ५० टक्के, तर रायझोपस जातीच्या बुरशीने सुमारे ७० टक्के कमी केले.

आता हिशेब बघा. आपल्याकडे धान्यात किलोमागे १५ मायक्रोग्रॅम ही कायद्याची मर्यादा आहे. धान्यात १०० असतील आणि ७० टक्के गेले, तरी ३० उरतात. म्हणजे मर्यादेच्या दुप्पट. शिवाय काही वेळा विष मोडत नाही, फक्त रूप बदलते आणि पुन्हा मूळ रूपात येऊ शकते.

आंबोळीचे पीठ आंबते ते मुख्यतः जिवाणू आणि यीस्टमुळे. एका रात्रीच्या आंबवण्यावर भरवसा ठेवून बुरशीचे तांदूळ वापरू नका.

काय करावे?

- भिजलेले भात ढीग करून ठेवू नका. ताडपत्रीवर पातळ पसरा, वरचेवर हलवा.
- साठवताना ओलावा १४ टक्क्यांच्या आत हवा. दाणा दाताखाली कट् करून तुटला पाहिजे.
- पोती जमिनीवर नको, फळीवर ठेवा. भिंतीला टेकवू नका.
- खोबरे ६ टक्के ओलाव्यापर्यंत सुकवा. बुरशीचे खोबरे घाण्यावर नेऊ नका. विष पेंडीत उतरते.
- बुरशीचे धान्य, पेंड गुरांना, कोंबड्यांना घालू नका. गाईच्या पोटातले विष दुधात येते, दूध उकळूनही जात नाही.
- खराब माल तोंडाला फडके बांधून वेगळा करा आणि खोल खड्ड्यात पुरा.

असे धान्य खाल्ल्यावर कावीळ किंवा पोट फुगणे दिसले तर लगेच दवाखाना गाठा, काय खाल्ले तेही सांगा. धान्य सुकवणे आणि साठवण याबाबत किर्लोसच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा तालुका कृषी कार्यालयात विचारावे.