व्यसनमुक्तीची जाहीर वाच्यता : नागपूर परिसरातील एक परंपरा

दारू सोडण्याचा निश्चय मनात न ठेवता आप्तमित्रांसमोर उच्चारण्याची प्रथा महाराष्ट्रात जुनी असून, तिचे सर्वांत परिचित रूप वारकऱ्यांच्या तुळशीच्या माळेत दिसते. माळ घालणारा, म्हणजेच माळकरी, मद्य व मांस वर्ज्य करतो आणि गळ्यातील मणी हा निश्चय सोबत्यांना न बोलता सांगतात, त्यामुळे आग्रहाचा पेला बहुधा पुढे येतच नाही.

या प्रथेला सामूहिक रूप नागपुरात लाभले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांना पंचशील, म्हणजे बौद्ध गृहस्थाचे पाच नियम, आणि २२ प्रतिज्ञा दिल्या. पंचशीलातील पाचवा नियम मादक पदार्थांपासून दूर राहण्याचा आहे, तर २२ प्रतिज्ञांपैकी एक थेट दारू न पिण्याची आहे. शुभ्र वस्त्रे नेसून उभ्या असलेल्या जनसमुदायाने ती एका स्वरात उच्चारल्यामुळे प्रत्येकाच्या शब्दाला शेजारचा माणूस साक्षी ठरला.

नागपूरच्या उत्तरेस सावनेर तालुक्यात असलेल्या, औष्णिक वीज केंद्र व कोळसा खाणींच्या खापरखेड्यासारख्या गावात, जिथे पाळी संपल्यावरची बैठक हाच मैत्रीचा आधार असू शकतो, तिथे या वारशाचे मोल विशेष आहे. मित्राने दारू सोडल्याचे सांगितल्यास त्याला आग्रह न करता त्याच्या शब्दाचे साक्षी व्हावे, हीच या परंपरेची शिकवण आहे.