नेटवर्क फाइल सिस्टीममधील अवैध फाइलनावे

नेटवर्कवरून दुसऱ्या संगणकावरची फाइल वापरताना तिच्या नावातील बाइट अपेक्षित एन्कोडिंगच्या नियमांत बसत नसतील, तर ते नाव अवैध ठरते. आतला मजकूर शाबूत असतो, पण नाव ओळखता न आल्याने फाइल उघडत नाही, हलवता येत नाही, कधी पुसताही येत नाही. मराठी नावांत हा दोष अनेक वाटांनी शिरतो. १९९१ साली भारतीय मानक ठरलेली इस्की, श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टचे आपापले संकेत आणि युनिकोड अशा निरनिराळ्या पद्धतींनी मराठी मजकूर साठवला गेला आहे.

युनिक्स व लिनक्समध्ये फाइलनाव ही नुसती बाइटांची रांग असते. तिरपी रेघ आणि शून्य बाइट वगळता काहीही चालते, आणि ती रांग कोणत्या एन्कोडिंगमधली आहे याची नोंद कुठेच होत नाही. मूळ अडचण हीच. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये यूटीएफ-८ हे युनिकोडचे एन्कोडिंग आखले, ते फाइलनावे डोळ्यांपुढे ठेवूनच: तिरप्या रेघेचा बाइट दुसऱ्या कोणत्याही अक्षराच्या पोटात येणार नाही अशी त्याची रचना आहे. त्यात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘बीड’ हे नाव २२४ १६४ १७२, २२४ १६५ १२८, २२४ १६४ १६१ असे नऊ बाइटांचे होते. शेवटचा एक गळला तरी नाव अवैध. इस्कीत तेच नाव तीन बाइटांत मावते, पण यूटीएफ-८ची अपेक्षा असलेल्या सर्व्हरला ते तीन बाइट निरर्थक वाटतात.

याच्या उलटही घडते. यूटीएफ-८मधले नाव पश्चिम युरोपीय एन्कोडिंग समजून वाचले, की स्वरचिन्ह असलेला रोमन ए आणि चलनचिन्ह यांच्या जोड्यांची रांग दिसते. इथे एकही बाइट हरवलेला नसतो. मात्र कोणी ती रांगच नवे नाव म्हणून जतन केली, तर बिघाड दुहेरी होतो आणि नाव तांत्रिकदृष्ट्या वैध असल्याने कोणतीही तपासणी तो पकडत नाही.

प्रोटोकॉलनुसार वागणूक बदलते. एनएफएसच्या दुसऱ्या (१९८९) आणि तिसऱ्या (१९९५) आवृत्तीने एन्कोडिंगबद्दल काही ठरवलेच नाही; सर्व्हर बाइट जसेच्या तसे पुढे देतो. चौथ्या आवृत्तीने यूटीएफ-८ची अट घातली, पण अनेक सर्व्हरांनी ती तपासली नाही, आणि २०१५च्या सुधारित मसुद्याने ही वस्तुस्थिती मान्य केली. विंडोजचा एसएमबी नावे सोळा बिटांच्या एककांत पाठवतो. त्यामुळे एसएमबी बोलणाऱ्या लिनक्सवरील सांबा या सर्व्हरला प्रत्येक नावाचे रूपांतर करावे लागते, आणि रूपांतर फसले की भलतीच चिन्हे दिसतात किंवा फाइल यादीत येतच नाही.

अवैध नाव समोर आल्यावर सॉफ्टवेअरपुढे मोजके मार्ग असतात. झेडएफएस या फाइल सिस्टीममध्ये यूटीएफ-८ नसलेली नावे निर्मितीच्या वेळीच नाकारता येतात, पण हा निर्णय साठवणीचा विभाग तयार करतानाच घ्यावा लागतो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेने २००९ पासून न उलगडणारे बाइट युनिकोडच्या राखीव स्थानांत बसवून लिहिताना ते मूळ रूपात परत करण्याची सोय केली. सर्वांत प्रामाणिक उपाय हाच म्हणावा लागेल. अशा बाइटांच्या जागी प्रश्नचिन्ह घालणे धोक्याचे, कारण त्याच नावाने फाइल मागितली तर सर्व्हरला ती सापडत नाही. फाइल गुपचूप वगळणे सर्वांत वाईट: ती बॅकअपमधूनही सुटते आणि नुकसान कित्येक महिने लक्षात येत नाही.

नाव वैध असले म्हणजे ते एकच असते, असे मराठीत धरून चालत नाही. बीडसारख्या शेतीप्रधान जिल्ह्यात ‘शेतकऱ्यांची यादी’ हे फाइलनाव अगदी रोजचे. त्यातला ‘ऱ’ हा युनिकोडमधील स्वतंत्र वर्ण वापरला, तर पहिला शब्द ३३ बाइटांचा होतो. ‘र’ आणि नुक्ता अशी फोड केली, किंवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरले, तर तो ३६ बाइटांचा होतो. मॅकची जुनी एचएफएस प्लस व्यवस्था ‘ऱ’ फोडूनच साठवत असे. लिनक्स सर्व्हरवर ही तिन्ही रूपे तीन वेगळ्या फाइली म्हणून शेजारी नांदतात आणि पडद्यावर सारखीच दिसतात. युनिकोडचे सामान्यीकरण पहिली दोन रूपे एक करते. जोडचिन्हाचे रूप तसेच राहते. ‘ॲ’ हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली आला. त्याआधी ‘अ’ला चंद्र जोडून लिहिलेली नावेही अशीच वेगळी राहतात.

लांबीचीही अडचण आहे. विंडोजच्या एनटीएफएसमध्ये नावाला सोळा बिटांची २५५ एकके मिळतात, तर लिनक्सच्या ईएक्सटी-४मध्ये २५५ बाइट, म्हणजे देवनागरीची जेमतेम ८५ चिन्हे. एकट्या ‘अंबाजोगाई’ला २७ बाइट लागतात. तालुका, योजना, वर्ष आणि विषय एकाच नावात कोंबले की विंडोजवर चाललेले नाव सर्व्हर नाकारतो. एखादा प्रोग्राम ते २५५ बाइटांवर आंधळेपणाने तोडतो. नावात एका बाइटाच्या मोकळ्या जागा असल्यास तोड अक्षराच्या मधोमध पडू शकते आणि नाव अवैध होते.

दुरुस्ती क्लायंटवरून न करता थेट सर्व्हरच्या डिस्कवर, आधी प्रत काढून करावी. कन्व्हएमव्ही हे साधन मूळ व नवे एन्कोडिंग सांगितल्यावर बदल आधी नुसते दाखवते. वेगळी सूचना दिल्यावरच नावे बदलते. दोन यंत्रांमध्ये नक्कल करताना आरसिंक या साधनाची ३.० पासूनची आवृत्ती वाटेतच नावे रूपांतरित करू शकते. इस्कीतील नावांसाठी आयसीयू या युनिकोड लायब्ररीतला रूपांतरक उपयोगी पडतो. फॉन्टच्या संकेतांतील नावांना त्या त्या फॉन्टचा तक्ता लागतो, आणि निकाल गावांची नावे ठाऊक असलेल्या माणसाने डोळ्यांखालून घालावा लागतो. नाव टाइपच करता येत नसेल, तर लिनक्सवर फाइलीच्या आयनोड क्रमांकावरून ती शोधून तिला नवे नाव देता येते.