समभाग विभाजन

समभाग विभाजन, प्रचलित भाषेत शेअर स्प्लिट, म्हणजे कंपनीने आपल्या समभागाचे दर्शनी मूल्य कमी करून त्याच प्रमाणात समभागांची संख्या वाढवणे होय. ₹१० दर्शनी मूल्याच्या एका समभागाचे ₹२ चे पाच समभाग केल्यास भागधारकाकडील संख्या पाचपट होते आणि बाजारभाव साधारणतः एक-पंचमांशावर येतो. कंपनीचे भागभांडवल, भागधारकाचा मालकीतील हिस्सा आणि मताधिकाराचे प्रमाण मात्र पूर्वीइतकेच राहते.

कायदेशीर चौकट

भारतात कंपनी कायदा, २०१३ च्या कलम ६१ नुसार, कंपनीच्या अंतर्नियमांत तशी तरतूद असल्यास सर्वसाधारण सभेच्या ठरावाने विभाजन करता येते. कंपनी एक नोंद तारीख जाहीर करते व त्या दिवशी ज्यांची नावे भागधारक म्हणून असतील त्यांच्या डीमॅट खात्यात वाढीव समभाग आपोआप जमा होतात. समभाग ₹१० किंवा ₹१०० चाच असावा हे बंधन सेबीने १९९९ मध्ये काढून टाकले. मात्र दर्शनी मूल्य ₹१ पेक्षा कमी किंवा अपूर्णांकात ठेवता येत नाही. त्यामुळे ₹१ वर पोहोचलेल्या कंपनीसमोर बोनस समभागांचाच मार्ग उरतो. एचडीएफसी बँकेने २०११ मध्ये ₹१० वरून ₹२ आणि २०१९ मध्ये ₹२ वरून ₹१ असे विभाजन केले; २०२५ मध्ये तिने एकास एक बोनस दिला.

बोनस समभाग आणि विभाजन

बोनसमध्ये दर्शनी मूल्य कायम राहते आणि कंपनीच्या गंगाजळीतील रक्कम भागभांडवलात वर्ग होते. विभाजनात अशी कोणतीही रक्कम हलत नाही. बाजारभावावरील परिणाम दोन्हींत सारखाच दिसत असल्याने ही दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात. प्राप्तिकराच्या हिशेबात मात्र हा घोळ महागात पडू शकतो. विभाजनानंतर मूळ खरेदी किंमत नव्या संख्येत वाटली जाते आणि धारणकाळ मूळ खरेदीपासूनच मोजला जातो. बोनस समभागांची खरेदी किंमत सर्वसाधारणपणे शून्य धरली जाते व त्यांचा धारणकाळ वाटपाच्या दिवसापासून सुरू होतो.

पुण्यातील आकुर्डी येथे नोंदणीकृत कार्यालय असलेल्या बजाज फायनान्सचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये कंपनीने ₹१० चा समभाग ₹२ च्या पाच समभागांत विभागला आणि सोबत एकास एक बोनस दिला; एकाचे दहा झाले. जून २०२५ मध्ये ₹२ चा समभाग ₹१ च्या दोन समभागांत विभागून प्रत्येकी चार बोनस समभाग दिले; पुन्हा एकाचे दहा. म्हणजे २०१६ पूर्वीच्या एका समभागाचे शंभर झाले, त्यांपैकी दहापट वाढ विभाजनाची आणि दहापट बोनसची. जून २०२५ मध्ये सुमारे ₹९,३०० वर असलेला भाव नोंद तारखेला सुमारे ₹९३० वर आला आणि समायोजन न केलेल्या आकड्यांत तो ९० टक्क्यांची घसरण म्हणून दिसला. प्रत्यक्षात त्या दिवशी कोणाचेही तेवढे नुकसान झालेले नव्हते.

दीर्घकालीन परतावा

परतावा मोजताना जुने भाव विभाजन व बोनसनुसार समायोजित करावे लागतात. वरील उदाहरणात २०१६ चा सुमारे ₹११,००० चा भाव आजच्या मापात ₹११० ठरतो. त्याच्या तुलनेत ₹९३० म्हणजे आठपटीहून अधिक वाढ. ही वाढ कंपनीच्या व्यवसायातून आणि नफ्यातून आली, तुकडे केल्याने नव्हे. प्रति समभाग मिळकत आणि प्रति समभाग लाभांशही त्याच प्रमाणात खाली येतात. २०० टक्के लाभांश ₹१० च्या समभागावर ₹२० होतो, तर ₹२ च्या समभागावर ₹४. लाभांशाच्या टक्केवारीवरून कंपन्यांची तुलना करणे म्हणूनच फसवे ठरते.

फामा, फिशर, जेन्सन आणि रोल यांनी १९६९ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातील १९२७ ते १९५९ या काळातील ९४० विभाजनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भावातील असाधारण वाढ विभाजनापूर्वीच झालेली असते, नंतर सरासरीने ती आढळत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. १९९६ मधील आयकेनबेरी व सहकाऱ्यांच्या अभ्यासात मात्र विभाजनानंतरच्या पहिल्या वर्षी सुमारे ८ टक्के अतिरिक्त परतावा दिसला. भाव पुन्हा खाली जाणार नाही असा भरवसा असलेली व्यवस्थापनेच बहुधा विभाजन करतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण.

भारतीय बाजारात समभागाचा अंश विकत घेता येत नाही. त्यामुळे भाव आवाक्यात येणे छोट्या गुंतवणूकदाराच्या खऱ्या सोयीचे असते आणि उलाढालही वाढू शकते. पण ‘स्वस्त झाला’ हा समज चुकीचा आहे. एमआरएफने समभाग न विभागताच २०२३ मध्ये ₹१ लाखाचा भाव ओलांडला.

जुनी कागदी प्रमाणपत्रे

वारसांना घरात ₹१० दर्शनी मूल्याचे जुने प्रमाणपत्र सापडल्यास त्यावरील संख्या ही आजची संख्या असेलच असे नाही. मधल्या काळातील विभाजने व बोनस तपासावे लागतात. सलग सात वर्षे लाभांश न घेतल्यास समभाग केंद्र सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात, मात्र दावा करून ते परत मिळवता येतात.

सहकारी संस्थांचे भाग

महाराष्ट्राच्या ऊसपट्ट्यात ‘शेअर’ हा शब्द सहकारी कारखान्याच्या भागासाठीही वापरला जातो, आणि त्याला विभाजनाचे हे गणित लागू होत नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातील प्रवराकाठच्या बेलापूर परिसरात दोन्ही प्रकार नांदले. हरेगावचा साखर कारखाना बेलापूर कंपनी या खाजगी भांडवली कंपनीचा होता, तर त्याच नदीखोऱ्यातील लोणीजवळ प्रवरानगरचा सहकारी कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. सहकारी भागाची शेअर बाजारात खरेदी-विक्री होत नाही, सभासदाकडे कितीही भाग असले तरी मत एकच असते आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार लाभांशावरही साधारणतः १५ टक्क्यांची मर्यादा आहे. बाहेर पडताना सभासदाला भरलेल्या रकमेपेक्षा अधिक मूल्य मिळत नाही. भाव चढतच नसल्याने तो विभागून आवाक्यात आणण्याची गरजही पडत नाही. कारखान्याच्या यशाचा वाटा सभासदापर्यंत मुख्यतः उसाच्या दरातून पोहोचतो.