‘शेप’ची पाच अक्षरे

अजमानमध्ये राहणाऱ्या आपणा सर्वांना निवासी व्हिसासाठी रक्त द्यावे लागते, छातीचा एक्स-रे काढावा लागतो. निकाल येईपर्यंत पोटात येणारा गोळा आपल्याला नवा नाही. ‘अनफिट’ म्हणजे परतीचे विमान! फौजेतल्या माणसावर मात्र हा प्रसंग नोकरीभर पुन:पुन्हा येतो.

भारतीय सैन्यात आरोग्याची श्रेणी ‘शेप’ या इंग्रजी पाच अक्षरांत मांडतात: मन, कान, हातपाय, शरीराची एकूण ताकद आणि डोळे. पाचही ठिकाणी १ असेल तर गडी पूर्ण लायक. एखादा आकडा वाढला की बढती अडते, पुढे नोकरीही धोक्यात येते.

सांगली जिल्ह्यातल्या पेठचे मुरलीकांत पेटकर ईएमईमध्ये जवान होते आणि मुष्टियोद्धेही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून ते कमरेखाली लुळे पडले आणि त्यांचे सैनिकी जीवन संपले. उपचारांसाठी पोहू लागलेल्या याच माणसाने १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक जिंकले. भारताचे ते पहिलेच पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडले.

आता मुंबईत जन्मलेले इयान कार्डोझो पाहा. १९७१ च्या युद्धात सुरुंगावर पाय पडला, तेव्हा या गोरखा रेजिमेंटच्या अधिकाऱ्याने स्वत:च्या खुकरीने तो तोडला. लाकडी पायाचा माणूस पलटण कशी चालवणार, असा प्रश्न निघाला. त्यांनी डोंगर चढून दाखवले, वरिष्ठांपर्यंत दाद मागितली, आणि पायदळाची बटालियन व पुढे ब्रिगेडही सांभाळली. निवृत्त झाले ते मेजर जनरल म्हणून.

कार्डोझोंच्या जिद्दीला सलाम. पण सेनापतींपर्यंत पोहोचण्याची वाट अधिकाऱ्याला सापडते. शिपायाला कोण विचारतो? कित्येक जवान श्रेणी उतरल्यावरही हलक्या कामावर राहत, आणि एके दिवशी त्यांना घरी पाठवले जाई. असे एक प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. राजपाल सिंग खटल्यात २००८ साली न्यायालयाने ठरवले की, श्रेणी कायमची खालावली एवढ्यावर सैनिकाला काढता येणार नाही. त्यासाठी नियमाप्रमाणे वैद्यकीय मंडळ बसवून तो सेवेस अपात्र ठरला पाहिजे.

पेटकरांना गोळ्या लागल्या, त्यानंतर ४३ वर्षांनी हा निकाल आला.